उरलेली चार घरं

३ सप्टेंबर, सोमवार

डोकं सुन्न झालंय. नवं राष्ट्रीय ओळखपत्र आज हातात पडलं. चिप असलेलं, गुळगुळीत, फोटोत मी चोरासारखा दिसतोय ते सोडा. यापुढे कागदावरच्या सह्या बंद. बँक, दवाखाना, कचेरी, सगळीकडे हेच कार्ड कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, झाली सही. घरी येऊन मोठ्या हौसेने कॉम्प्युटरच्या कार्ड-रीडरमध्ये घातलं, तर काही म्हणता काही हलेना.

मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपल्या कॉम्प्युटरची सिस्टीम चालणार नाही." म्हटलं, अहो, फुकट आणि सगळ्यांना उघडी असलेली सिस्टीम आहे, हजारो लोक वापरतात. तर म्हणते, "मग दुसरी विकत घ्या ना सर."

म्हणजे एका फटक्यात आम्हाला माणसांतून उठवलं! बाबांच्या, ताईच्या, भावोजींच्या कॉम्प्युटरवर हीच सिस्टीम मी माझ्या हाताने बसवलीय. सगळे मलाच धरणार.

असो. पाणीपुरवठा कचेरीत मीटरचे आकडे सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. खरा जीव 'किल्ली'त. किल्ली म्हणजे आमच्यासारख्या उपद्व्यापी लोकांनी मिळून लिहिलेलं, कार्डाशी बोलणारं सॉफ्टवेअर. जुनी तेरा प्रकारची कार्डं ती उघडते. हे चौदावं. बघतोच.

६ सप्टेंबर, गुरुवार

ताई आज कचेरीत आली. तिचं पडद्यांचं दुकान सोडून ती भर दुपारी कधी कुठे जात नाही, म्हणून मी दारातच घाबरलो. म्हटलं बाबांना काही झालं की काय!

"खुडबुड्या," ती म्हणाली (मी लहानपणी घरातलं प्रत्येक घड्याळ उघडून ठेवायचो, तेव्हापासून मी खुडबुड्या), "आम्ही मुलगी दत्तक घेतोय."

माझ्या हातातला चहा सांडला. ताई पंचेचाळिशीला टेकलेली! भावोजी दाताच्या कवळ्या बनवतात, दिवसभर तोंडातून दोन शब्द काढत नाहीत. आणि गेली तीन वर्षं हे दोघे गुपचूप बालगृहात खेटे घालतायत. मुलगी चार वर्षांची. ताई तिला ठकी म्हणते. फोटो दाखवला. एक मोजा वर, एक खाली, आणि फोटो काढणाऱ्यावर चिडलेली.

"सगळं झालंय. आता फक्त आमच्या दोघांच्या शेवटच्या सह्या. त्या म्हणे नव्या कार्डाने, घरच्या कॉम्प्युटरवरून. बारा ऑक्टोबरच्या आत. नाही झाल्या तर ठकी पुढच्या जोडप्याकडे जाते. तुझ्या त्या किल्लीने होईल ना रे?"

"झालंच म्हणून समज," मी म्हणालो. छाती फुगवून म्हणालो, हे इथे लिहून ठेवतो.

मला कोणी काही सांगतच नाही या घरात.

८ सप्टेंबर, शनिवार

सगळ्यांना वरातीसारखं नगरपालिकेत नेलं. कार्डाबरोबर बंद पाकिटात चार आकडी पिन येतो. चार आकडी! सायकलच्या कुलपाला बरा. पिन बदलायचं यंत्र तिथे भिंतीला लावलंय, चार ते आठ आकडे चालतात. मी प्रत्येकाच्या पाठीशी उभा राहिलो आणि सांगितलं, आठच्या आठ. वाढदिवस नाही, लग्नाची तारीख नाही.

बाबा म्हणाले, "मला या वयात माझं नाव आठवतंय हेच पुष्कळ." त्यांच्याकडूनही करून घेतला. बायकोने, म्हणजे हिने, एका झटक्यात केला. रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर नंबरच लिहिते. भावोजींनी न बोलता केला. ताई मात्र कुरकुरली. "माझा मला एक हवाय रे, चारच आकड्यांचा."

"ताई, खबरदार!"

तिने मुकाट्याने आठ आकडी केला. पण तोंड एवढंसं करून. आश्चर्य वाटलं. एका पिनचं काय मेलं एवढं!

१३ सप्टेंबर, गुरुवार

बोललं! कार्ड बोललं! सकाळी ऑफिसला जायच्या आधी, एक बूट पायात आणि एक हातात, अशा अवस्थेत. ही म्हणाली, "मला मुलगा झाला असता तरी तू एवढा ओरडला नसतास."

एक खोड आहे. रीडर स्वस्तातला असेल तर कार्ड झोपेतून उठल्यासारखं दचकतं आणि पहिल्यांदा पिन दिला की नाही म्हणतं. दुसऱ्यांदा तोच दिला की घेतं. लोकांना दोन-दोनदा पिन टाकायला लावायचा म्हणजे शिव्या खायच्या. म्हणून मी युक्ती केली. कार्डाने नाही म्हटलं की किल्ली तोच पिन आपणहून, गुपचूप पुन्हा पाठवते. तीनदापर्यंत. माणसाला कळतही नाही. स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

१७ सप्टेंबर, सोमवार

ताईचं कार्ड तपासायला हवं होतं. दुकान बंद, फोन बंद. भावोजी दारातच म्हणाले, "आज नको. उद्या ये." दरवर्षी याच सुमारास ताईला दुकान बंद करून कापडाचे तागे आवरायची हुक्की येते. ठकीसाठी घाई तिलाच ना? मग आज एक दिवस तागे राहिले असते तर काय बिघडलं असतं!

१९ सप्टेंबर, बुधवार

पाचही कार्डं पास. माझं, हिचं, बाबांचं, भावोजींचं, ताईचं. एकदाही चूक नाही. बाबांनी तर सही झाल्यावर स्क्रीनला नमस्कार केला.

ताईला म्हटलं, बारा तारखेपर्यंत थांबू नकोस, कागद आले की लगेच सह्या कर. म्हणाली, "कागद नऊ ऑक्टोबरला येणार आहेत." मग कार्ड पर्समध्ये टाकता टाकता, "आता तुझं तपासून झालं ना? मग आता हे माझं."

म्हटलं, तुझंच आहे की. बायका काय बोलतात कळत नाही.

२७ सप्टेंबर, गुरुवार

कंदिलाने डोकं खाल्लं. कंदील हा आमच्या किल्लीतला दुसरा कारभारी. कधी भेटलो नाही. इंटरनेटवर तो याच नावाने वावरतो. कामात कासवाच्या वरताण. माझा कोड वाचून त्याने दोन प्रश्न टाकले. एक, तीन चुकीच्या पिननंतर हे कार्ड कायमचं बंद पडतं, मग किल्लीने आपणहून पुन्हा पुन्हा पिन पाठवणं बरं का? दुसरा, चार आकडी पिनवर तपासलंस का?

मी लिहिलं, "घरच्या पाच कार्डांवर तपासलंय. तुझ्याकडे किती आहेत?"

त्याच्याकडे एकही नाही. त्याच्या गावी अजून वाटपच झालं नाही. बोलती बंद.

१ ऑक्टोबर, सोमवार

किल्ली बाहेर पडली! नव्या कार्डासह. दुपारपर्यंत अभिनंदनाचा पाऊस. एक शिक्षक लिहितो, तुमच्यामुळे शाळेचे जुने कॉम्प्युटर वाचले. आणि कहर म्हणजे जिल्हा कचेरीचं पत्र आलं. त्यांच्या सगळ्या खात्यांत आमचीच सिस्टीम आहे, त्यामुळे येत्या सोमवारपर्यंत सगळीकडे किल्ली बसवणार. सगळीकडे! साहेबांनी मीटर विभागात उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला घाम फुटला, आनंदाने.

४ ऑक्टोबर, गुरुवार

तीन तक्रारी. "एकदाच पिन टाकला आणि कार्ड बंद पडलं." एकदाच म्हणे! तीनदा चुकल्याशिवाय बंद पडतच नाही ते. लोक घाईत काहीबाही दाबतात आणि मग कानावर हात ठेवतात. तसं सभ्य भाषेत उत्तर दिलं.

८ ऑक्टोबर, सोमवार

एकशे बारा तक्रारी. जेवण गेलं नाही. एक आजोबा लिहितात, पेन्शन अडकली, नवं कार्ड यायला महिना लागेल, तोवर काय करू ते सांगा. काय सांगू? एकाची चूक समजू शकतो. एकशे बारा माणसं एकाच वेळी वेंधळी कशी होतील?

कंदिलाने एकच ओळ टाकली आहे, "यातल्या किती जणांचा पिन चार आकडी आहे, विचार." मी चिडून उत्तरच दिलं नाही. सायकलचं कुलूप लावणाऱ्यांना आता तेवढं निमित्तच हवं.

ही म्हणाली, "ताईला फोन करून थांबायला सांग ना. उद्या सह्या आहेत तिच्या."

"ताईला कसली भीती? तिचं कार्ड मी स्वतः तपासलंय. आठ आकडी आहे, माझ्या डोळ्यांसमोर केलेला."

९ ऑक्टोबर, मंगळवार

अक्षर वाकडं येतंय तर येऊ दे.

अकराच्या सुमारास ताईचा फोन. "खुडबुड्या," एवढंच म्हणाली. मग भावोजींनी फोन घेतला. "माझी सही झाली. तिचं कार्ड बंद पडलं."

मी म्हणालो, शक्यच नाही. कचेरीतून तसाच निघालो.

ताई जेवणाच्या टेबलाशी बसलेली. समोर कॉम्प्युटर, रीडरला लटकलेलं कार्ड, शेजारी ठकीसाठी शिवलेला छोटा पडदा, त्यावर बदकं. स्क्रीनवर माझ्याच हाताने लिहिलेलं वाक्य, "हे कार्ड कायमचे बंद झाले आहे."

"किती वेळा टाकलास?"

"एकदा."

"ताई, खरं सांग."

"एकदाच रे! एकदाच टाकला! देवाशपथ!"

भावोजींनी मान हलवली. ते खोटं बोलत नाहीत, बोलतच नाहीत.

"आठच्या आठ आकडे नीट टाकलेस?"

तिने कार्ड रीडरमधून काढलं. मग हळू म्हणाली, "आठ नव्हते. तू तपासून गेलास, दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन मी बदलला. चार. एक सात शून्य नऊ."

आणि त्या क्षणी मला दिसलं. सगळं दिसलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी.

कार्डात पिनला आठ घरं असतात. पिन चार आकडी असेल तर उरलेली चार घरं ठरलेल्या खुणेने भरून पाठवायची असतात. मी शून्यं भरत होतो. आठ आकडी पिनला घरंच उरत नाहीत, म्हणून आमच्या घरात ही चूक कधी दिसलीच नाही. दिसणार कशी! मीच प्रत्येकाच्या मानगुटीवर बसून आठ-आठ आकडे करून घेतले होते. आणि कार्डाने नाही म्हटल्यावर माझी शहाणी किल्ली तोच चुकीचा पिन पुन्हा पाठवत होती. आणि पुन्हा. माणसाने एकदा दाबायचं, किल्लीने तीनदा मारायचं.

मला तेव्हा रडावंसं वाटायला हवं होतं. मी ओरडलो. "सांगितलं होतं ना आठ! काय अडलं होतं तुझं त्या चार आकड्यांवाचून? कसला मेला लाडका नंबर!"

भावोजी उठून उभे राहिले. त्यांनी आवाज चढवलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता. "बास! एक शब्द बोलू नकोस."

ताईने बदकांचा पडदा उचलला आणि घडी घालायला लागली. नीट, कडेला कड लावून.

१० ऑक्टोबर, बुधवार

पहाटे उठून पहिलं काम केलं. किल्ली मागे घेतली. जिथे जिथे ओरडता येईल तिथे ओरडलो, कोणीही वापरू नका, चूक माझी आहे, कार्डाची नाही, तुमची तर मुळीच नाही. स्वतःच्या खऱ्या नावाने लिहिलं. त्या आजोबांना आणि बाकीच्यांना एकेक करून लिहिलं. शिव्या येतायत. येऊ देत. कंदिलाची शिवी आली नाही. त्याने दुरुस्तीला हात लावलाय.

मग चहा घेताना हिला म्हटलं, एका फालतू नंबरापायी ताईने...

ही कप ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"सतरा सप्टेंबर. सतरा, नववा महिना. त्यांची मुलगी झाली तो दिवस. संध्याकाळपर्यंत पण टिकली नाही रे ती. तू तेव्हा शिकायला बाहेर होतास."

मला आठवलं, तेव्हा फोनवर बाबा एवढंच म्हणाले होते, "ताईचं नाही जमलं, तू परीक्षा दे." मी परीक्षा दिली. पास झालो. तारीख विचारली नाही. त्या दिवशी बंद असलेलं दुकान, तागे आवरायची हुक्की... अरे देवा! मी दरवर्षी हसून चेष्टा करायचो, "झाले का तागे मोजून?"

ही माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. शुक्रवार परवा आहे.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

बालगृहात गेलो. ताई, भावोजी, मी. ताई माझ्याशी बोलत नाही, पण ये म्हणाली. वाटेत मी मनात भाषण जुळवत होतो. पाया पडेन, लेखी देईन, टीव्हीवर जाऊन सांगेन, पण ठकीला पुढे पाठवू नका.

कचेरीत सामसूम. सगळे कॉम्प्युटर चालू आणि सगळी माणसं हातावर हात ठेवून बसलेली. तिथल्या मॅडम, साठीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, आम्हाला बघताच म्हणाल्या, "आज काही होणार नाही. सोमवारी ती कसली किल्ली बसवली, आणि मंगळवारी एकूण एक कार्ड ठप्प! माझं, मोठ्या साहेबांचं, सगळ्यांचं. पाकिटातला पिन कोणी बदललाच नव्हता. कोणत्या गाढवाने बनवलंय कोण जाणे!"

मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

ताई शांतपणे म्हणाली, "हा माझा भाऊ. यानेच बनवलंय."

सगळ्या खोलीने माना वळवल्या. मॅडमनी चष्मा लावला आणि मला वरपासून खालपर्यंत निरखलं. कसंबसं "चूक माझी आहे, त्याची शिक्षा मला द्या, पण ती मुलगी..." एवढं बाहेर पडलं.

"कसली शिक्षा?"

"आज बारा तारीख. ताईची सही झाली नाही. ती पुढच्या जोडप्याकडे जाईल."

"जाईल कशी?" मॅडम म्हणाल्या. "ही फाइल पुढच्या जोडप्याला द्यायची तर साहेबांची सही लागते. सही कार्डाने. साहेबांचं कार्ड तुम्ही मारलंत! नवी कार्डं येईपर्यंत इथलं पान हलत नाही. सगळ्या मुदती थांबल्यात, कालच हुकूम निघाला."

ताई मटकन खुर्चीत बसली. मला हसू येतंय की रडू तेच कळेना. माझ्या चुकीने तिचं कार्ड मेलं आणि माझ्याच चुकीने मुलगी जागच्या जागी राहिली. यात माझी काही हुशारी नाही. अकलेचा भाग शून्य. तिकडे ते आजोबा पेन्शनवाचून बसलेत.

निघताना ताईने मॅडमना विचारलं, "ठकीची जन्मतारीख काय हो? फायलीत असेल ना."

"दोन मार्च."

"दोन मार्च," ताईने तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवलं. ऑक्टोबरातच वाढदिवसाची तयारी! बोललो नाही. हल्ली मी बोलत नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार

दुरुस्त किल्ली निघाली. आपणहून पिन पाठवणं काढून टाकलं. घरं बरोबर भरली. मी माझा पिन चार आकडी केला, हिचा पाच, बाबांचा सहा. बाबा म्हणाले, "आता दरवर्षी एक कमी करत जाऊ." कंदिलाने दोन दिवस वाचून मग हो म्हटलं. मी त्याला लिहिलं, तुझं ऐकायला हवं होतं, माझ्या बहिणीचंही कार्ड गेलं. त्याचं उत्तर, "तुझ्या बहिणीचं काय झालं?" मला वाटत होतं त्याला माणसांचं सोयरसुतक नाही.

आजोबांची पेन्शन कागदावर अंगठा घेऊन सुटली. त्यांनी कळवलं. खाली लिहिलंय, "पुढच्या वेळी आधी आम्हा म्हाताऱ्यांना विचारा." विचारणार.

२४ नोव्हेंबर, शनिवार

नवी कार्डं आली. मॅडम म्हणाल्या, आमच्याच कॉम्प्युटरवर या, आणि त्या गृहस्थालाही आणा, डोळ्यांदेखत होऊ दे.

ठकी भावोजींच्या मांडीवर. प्रत्यक्षातही एक मोजा वर, एक खाली. भावोजी तिला कवळ्यांचा साचा दाखवत होते, आणि ते चक्क बोलत होते. वरचे दात, खालचे दात, हा राक्षसाचा. ती खिदळत होती. मी बघतच राहिलो.

ताईने कार्ड आत सारलं. किल्लीने पिन मागितला. सतरा वेळा तपासलंय, तरीही धास्ती. मी पाठ फिरवली. पिन टाकताना बघायचं नसतं. शिवाय कोणता असणार ते मला ठाऊक होतं.

बटणांचा आवाज आला. चारदा. मग थांबला. मला वाटलं, घाबरली. हळूच वळलो, तर ताई ठकीकडे बघत होती. मग पुन्हा बटणं वाजली. आणखी चारदा.

स्क्रीनवर आलं, "सही झाली." मॅडमनी टेबलावर हात आपटला. भावोजींनी ठकीला एवढं घट्ट धरलं की ती ओरडली.

मला राहवलं नाही. "आठ! अगं ताई, आठ आकडी! शेवटी माझं ऐकलंस तर!"

दीड महिन्यात पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून हसली. डोळे भरलेले.

"तुझं कुठे ऐकलं रे, खुडबुड्या," ती म्हणाली, आणि खाली वाकून ठकीचा मोजा वर ओढायला लागली.